एका जामीनदाराचें स्मरण



आपल्या धर्मग्रामाच्या हीरकमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठीं एखादा इतिहासविषयक लेख आम्हीं लिहावा, अशी मंडळाची आज्ञा झाली. देवळाचा इतिहास म्हटला म्हणजे कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोठून आणली, कोणते पाद्री कोणत्या सालीं आले व गेले, ही माहिती वाचकांस हवी असते. ती या पुस्तिकेंत अन्यत्र सविस्तर दिली आहे, म्हणून तिची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. धर्मगुरूंचीं नांवें दप्तरांत टिकतात, दात्यांचीं नांवें संगमरवरावर टिकतात. परंतु ज्यांनीं देवळाच्या पायाला रेती वाहिली, मृतांसाठीं खड्डे खणले, सणाच्या आदल्या रात्रीं मांडव घातला, त्यांचीं नांवें देवळाच्या वह्यांत अवघीं तीन वेळां येतात : बाप्तिस्म्याच्या वहींत एकदां, लग्नाच्या वहींत एकदां आणि मरणाच्या वहींत एकदां. या तीन नोंदींच्या मधल्या जागेंत जें आयुष्य गेलें, त्याचा इतिहास कोणीं लिहावयाचा?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ सालीं आजी-आजोबा व वृद्ध यांच्यासाठीं एक जागतिक दिवस नेमून दिला आणि तो जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारीं, म्हणजे पवित्र मरियेचे मातापिता संत योआकीम व संत आन्ना यांच्या २६ जुलैच्या सणाच्या सुमारास, पाळावा असें ठरविलें. शुभवर्तमानांत योआकीमाचें नांवहि आढळत नाहीं. तरी प्रभूच्या आजोबांस ख्रिस्तसभेनें विस्मृतींत जाऊं दिलें नाहीं. तें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून आम्ही आज आमच्या आजोबांविषयीं लिहीत आहों. ते या धर्मग्रामाचे नव्हते. आमचें जन्मगांव येथून दोन कोसांवर आहे. तथापि आपलें हें देऊळ उभें राहत होतें तेव्हां खाडीकडून रेती आणणाऱ्या बैलगाड्यांत एक गाडी त्यांची होती, एवढें नातें पुरेसें आहे. शिवाय, आमच्या आजोबांसारखा एकेक वडीलधारा माणूस आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं होऊन गेला असेल. लेखाचा हेतु घराण्याचा गौरव करण्याचा नाहीं. शेवटीं आम्हांस आमचाच एक दोष सांगावयाचा आहे, आणि तो सांगितल्यावांचून आजोबांची गोष्ट पुरी होत नाहीं.

वाडी आणि बावखल

आजोबांचा जन्म १९०० सालचा. आपली वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेली, १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकली, पुढें इंग्रजांचा अंमल आला. या राज्यक्रांत्यांची आजोबांस फारशी खबर नव्हती. संत गोन्सालो गार्सिया हे आपल्या वसईचे, ते १५९७ सालीं नागासाकी येथें क्रूसावर गेले आणि १८६२ सालीं पोपसाहेबांनीं त्यांस संत म्हणून जाहीर केलें, एवढें मात्र त्यांना पक्कें ठाऊक होतें, आणि तेवढ्या इतिहासावर ते संतुष्ट होते.

त्यांचें जग वाडी, देऊळ आणि स्टेशन या तीन ठिकाणांत सामावलेलें होतें. १८६४ सालीं मुंबई व सुरत यांस जोडणारा लोहमार्ग पुरा झाला आणि वसईच्या केळ्यांस व विड्याच्या पानांस मुंबईचा बाजार जवळ आला. १८६७ सालीं तर विरारहून मुंबईस जाणारी लोकल गाडी सुरू झाली. पहाटेच्या गाडीनें पानांच्या व भाजीच्या टोपल्या घेऊन जाणारा वसईवाला मुंबईच्या गिऱ्हाइकांस परिचित झाला तो असा. परंतु गाडी माल वाहून नेत असे, पिकवीत नसे. पीक येई तें पाण्यावर, आणि पाणी असे बावखलांत.

आमच्या तरुण वाचकांपैकीं कित्येकांनीं बावखल पाहिलेंच नसेल, म्हणून थोडें सांगावें लागतें. आपल्या पूर्वजांनीं वाडीच्या सखल भागांत हातांनीं खणलेलें हें तळें होय. त्यांतून निघालेली माती टाकून घराची जोती व केळीचे वाफे उंच केले जात. पावसाळ्यांत भोंवतालचें पाणी वाहत जाऊन त्यांत सांठे, त्यामुळें वाट व अंगण मोकळें राही. तेंच पाणी हळूहळू जमिनींत मुरून शेजारच्या विहिरींस पोंचे आणि समुद्राकडून सरकत येणाऱ्या खाऱ्या पाण्यास मागें रेटून धरी. हिंवाळा सरला कीं बावखलावर रहाट चालूं लागे. बैल किंवा रेडा गोल फिरे, रहाटाचीं गाडगीं भरून वर येत आणि पाटांतून पाणी केळीच्या व पानवेलींच्या मुळाशीं जाई. उन्हाळ्यांत तळाचा गाळ काढावयाचा आणि तोच खत म्हणून वाडींत पसरावयाचा. बारा महिन्यांच्या या व्यवहारांत कांहींच वायां जात नसे.

आमच्या घराजवळचें बावखल पांच घरांचें सामाईक होतें. पांच घरांनीं पाण्याच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. ज्या घरांत आजार किंवा सुतक असेल, त्या घराची पाळी दुसऱ्यांनीं चालवावयाची, असा दंडक होता. पाण्यावरून भांडणें होत, नाहीं असें नाहीं. एकदां फावडें उगारण्यापर्यंत प्रकरण गेल्याचें आम्हीं ऐकलें आहे. अशा वेळीं आजोबा दोघांसहि वाटेवरच्या खुरसापाशीं नेऊन बसवीत आणि स्वतः कांहीं न बोलतां बिडी ओढीत बसत. दोघे बोलून बोलून थकले म्हणजे तडजोड होई. न्याय देण्याची ही पद्धत सेमिनरींतील कोणत्याहि ग्रंथांत आम्हांस आढळली नाहीं, तरी पुढें धर्मग्रामाचीं भांडणें मिटवितांना तिचा आम्हांस पुष्कळ उपयोग झाला.

१९१८ सालचें संकट

१९१८ सालीं पाऊस फसला आणि त्याच वर्षीं इन्फ्लुएन्झाची सांथ आली. या सांथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं. पावसाळ्याच्या अखेरीस तिचा जोर सर्वांत अधिक झाला. आमच्या पणजोबांस तापानें चौथ्या दिवशीं नेलें आणि आजोबांच्या एका धाकट्या बहिणीस त्याच आठवड्यांत. अठरा वर्षांचा मुलगा घरचा कर्ता झाला. वडिलांच्या मागें त्यास दोन गोष्टी मिळाल्या : सामाईक बावखलांतील पांचवा हिस्सा आणि सावकाराचें कर्ज.

त्या काळच्या कर्जाची रीत अशी होती कीं, व्यापारी पावसाळ्यांत आगाऊ रक्कम देई आणि पीक निघण्यापूर्वींच त्याचा भाव बांधून टाकी. मुद्दल तसेंच राही, व्याज वाढे, आणि माणूस आपल्याच वाडींत दुसऱ्याचा गडी होऊन राबे. आजोबा म्हणत, "केळीचा घड आम्ही कापीत होतों, पण विळा सावकाराचा होता."

यावर उपाय काय, याचा विचार जगांत अन्यत्र झालेला होता. जर्मनींत फ्रीड्रिख रायफायझेन नांवाच्या एका नगराध्यक्षानें १८६४ सालीं शेतकऱ्यांची पतपेढी काढली. तिचें तत्त्व असें कीं, ज्याच्यापाशीं तारण ठेवावयास सोनें नाहीं, त्याचें शेजारी हेंच तारण. सर्वांनीं एकमेकांच्या कर्जास बांधून घ्यावें, म्हणजे जो एकटा असतां कवडीमोल ठरतो, तो दहांच्या संगतीनें पतवान होतो. १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं 'रेरुम नोव्हारुम' हें परिपत्र काढून सावकारीच्या पिळवणुकीचा निषेध केला आणि श्रमिकांनीं संघटित होऊन परस्परांस साह्य करण्याच्या मार्गास ख्रिस्तसभेचा आशीर्वाद दिला. १९०४ सालीं हिंदुस्थान सरकारनें सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला. आणि ज्या १९१८ सालीं आमच्या घरावर आकाश कोसळलें, त्याच सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें वसईच्या कॅथॉलिक लोकांची सहकारी पतसंस्था स्थापन झाली. तिचीच पुढें बेसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली, हें वाचकांस विदित आहे.

एका धर्मगुरूनें व्याजबट्ट्याच्या व्यवहारांत पडावें, याचें त्या काळीं कित्येकांस नवल वाटलें असेल. परंतु ज्याच्या घरीं जप्ती येणार आहे, त्यास आत्म्याच्या स्वातंत्र्यावरील प्रवचन कितीसें ऐकूं येणार? सहकाराचें हें वारें आपल्या भागांत पसरूं लागलें, आणि आजोबांनींहि कांहीं वर्षांत पतपेढीचें कर्ज काढून सावकाराचें देणें फेडलें. त्या कर्जासाठीं दोन शेजाऱ्यांनीं त्यांस जामीन दिला होता. ही गोष्ट ते जन्मभर विसरले नाहींत. आपल्यासाठीं दोघे उभे राहिले, तर आपण निदान दोनांचे चार करून फेडावे, असा त्यांचा साधा हिशेब होता. तो हिशेब पुढें चारांवर थांबला नाहीं.

आंगठा

लहानपणींच गुरांमागें जावें लागल्यामुळें आजोबांस शाळा घडली नव्हती. ते सही करीत नसत, डाव्या हाताचा आंगठा उठवीत. गांवांत कोणास रहाट नवा करावयाचा असो, कोणाच्या मुलीचें लग्न असो, कोणाचा रेडा मेला असो, तो मनुष्य संध्याकाळीं आमच्या ओटीवर येऊन बसे. आजोबा त्यास तीन प्रश्न विचारीत : किती पाहिजेत, कशाला पाहिजेत, आणि कोणत्या पिकावर फेडशील. उत्तरें पटलीं तर दुसऱ्या दिवशीं बंडी घालून त्याजबरोबर जात आणि आंगठा देऊन येत. पटलीं नाहींत तर तेथल्या तेथें नाहीं म्हणत. दारूसाठीं किंवा लग्नांतील डौलासाठीं त्यांनीं कोणास जामीन दिला नाहीं. त्यावरून कांहीं घरांचा त्यांच्यावर राग होता, तो त्यांनीं मुकाट्यानें सोसला.

आम्ही सेमिनरींत पवित्र शास्त्र शिकूं लागलों तेव्हां या विषयावरील वचनें आम्हांस मोठीं विलक्षण वाटलीं. नीतिसूत्रांचा कर्ता जामीनकीस भिऊन राहावयास सांगतो. शेजाऱ्यासाठीं हात देऊन बसलेल्या मनुष्यास तो पाशांत सांपडलेल्या हरिणाची उपमा देतो. बेन सिराखाच्या ज्ञानग्रंथाचा २९ वा अध्याय मात्र दोन्ही बाजू सांगतो. सज्जन शेजाऱ्यास जामीन राहतो आणि जामीनदाराचे उपकार विसरूं नयेत, हें तो सांगतो. त्याच वेळीं जामीनकीनें कित्येक सुखी घरें बुडालीं, म्हणून आपली शक्ति पाहून साह्य करावें, असाहि इशारा देतो. हा अध्याय वाचतांना आम्हांस राहून राहून आमच्या आजीची आठवण होई.

कारण आमचेंहि घर एकदां बुडतां बुडतां वांचलें. एका शेजाऱ्यास पानमळ्यासाठीं आजोबा जामीन राहिले. त्या वर्षीं अतिवृष्टीनें वेली कुजल्या, आणि पुढल्याच वर्षीं तो शेजारी लहान मुलें मागें ठेवून वारला. दुसऱ्या जामीनदारापाशीं कांहीं नव्हतें. देणें आजोबांवर आलें. त्यांनीं रेडा विकला. तेवढ्यानें भागेना, तेव्हां आजीच्या हातांतील सोन्याच्या पाटल्या तिला न सांगतां मोडल्या. उरलेली रक्कम चार वर्षें हप्त्यांनीं भरली. त्या चार वर्षांत आमच्या वडिलांचें शिक्षण सुटलें तें कायमचें.

पाटल्या गेल्याचें आजीस कळलें तेव्हां ती रडली नाहीं, भांडली नाहीं. तिनें एवढेंच म्हटलें, "सगळ्या गांवाला जामीन राहणाऱ्यानें बायकोला एकदां विचारावें." आजोबांविषयीं जितकें चांगलें आम्हीं लिहिलें आहे, तितकेंच हें वाक्यहि येथें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. परोपकारी पुरुषाचें नांव होतें, आणि त्या परोपकाराचा अर्धा भार ज्या स्त्रीनें उचललेला असतो तिचें नांव कोणी घेत नाहीं. आजोबांस तें वाक्य लागलें. त्यानंतर ओटीवर मनुष्य आला कीं ते उठून स्वयंपाकघरांत जात आणि मग उत्तर देत. आजीनें नको म्हटलें तर तें काम झालें नाहीं.

पुढें कांहीं वर्षांनीं त्याच मृत शेजाऱ्याच्या विधवेस विहिरीचें काम काढावयाचें होतें. ती आमच्या घरीं यावयास लाजत होती. हें आजीच्या कानीं आलें. एके दिवशीं मिस्सेहून परत येतांना आजी स्वतः तिच्या दारीं गेली आणि घरीं येऊन आजोबांस म्हणाली, "उद्यां बंडी घाला. आंगठा द्यावयाचा आहे." तें कर्ज त्या बाईनें मुदतीच्या आंत फेडलें. संत पौलानें ओनेसिमासाठीं फिलेमोनास पत्र लिहिलें आणि याचें जें देणें असेल तें माझ्या नांवें मांड, मी फेडीन, असें स्वतःच्या हातानें लिहून दिलें, तो प्रसंग आम्ही वेदीवरून सांगतों तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें पौलाच्या जागीं एक निरक्षर मनुष्य आणि त्याच्या मागें दारांत उभी असलेली त्याची बायको येते.

उत्तर वय

आम्हांस आठवतात ते आजोबा सत्तरीच्या पुढचे. पहाटेच्या मिस्सेस ते न चुकतां जात. पन्नास वर्षें लॅटिन प्रार्थनांचीं उत्तरें त्यांनीं कानानें पाठ करून म्हटलीं होतीं. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें लोकभाषेस वाव दिला आणि कांहीं वर्षांत मराठींतून मिस्सा होऊं लागली. गांवचे पुष्कळ वृद्ध त्यामुळें बावरून गेले होते, असें वडील सांगत. आजोबांस कोणीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "इतकीं वर्षें देव काय म्हणतो तें आम्हांला कळत नव्हतें, तरी तो रागावला नाहीं. आतां कळूं लागलें आहे, तर आपल्यालाच जास्त भ्यावयाला पाहिजे."

गाळ काढण्याच्या दिवसांत ते काठी टेंकीत बावखलाच्या कांठावर येऊन बसत. विजेचे पंप आले होते, रहाट मोडून पडला होता, तरी गाळ निघालाच पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. नातवंडांच्या हातीं घमेलीं देऊन ते म्हणत, "पाणी वापरा अगर वापरूं नका. बावखल साफ ठेवा. तें पांच घरांचें आहे, आणि अजून जन्मलेल्यांचेंहि आहे." 'अजून न जन्मलेल्यांचें' असें त्यांस म्हणावयाचें असे. पण ते नेहमी असेंच चुकून म्हणत आणि आम्ही मुलें हंसत असूं.

१९८७ च्या पावसाळ्यांत ते देवाघरीं गेले. आम्ही त्या वेळीं नुकतेच सेमिनरींत जावयास निघालों होतों. अंत्ययात्रेंत खांदा देणाऱ्यांची इतकी गर्दी झाली कीं, आम्हां नातवंडांस पाळी मिळेना. नंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तींत एक जपमाळ, लग्नाचा कोट आणि जामीनकीच्या जुन्या कागदांची एक चळत निघाली. प्रत्येक कागद फिटलेला होता, आणि प्रत्येकाच्या खालीं तोच निळसर आंगठा होता. सुरुवातीचा आंगठा ठसठशीत आणि शेवटचे पुसट, कारण वाडीच्या कामानें आंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या.

आमची सही

आतां आमच्या दोषाकडे वळतों.

१९८८ च्या सुमारास वसईच्या हिरव्या पट्ट्यांतील जमीन बांधकामांस मोकळी करण्याचें सरकारी धोरण पुढें आलें. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिति उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं तिचें नेतृत्व केलें. तेच पुढें २०२० सालीं उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ सालीं प्रभूच्या भेटीस गेले. आम्ही त्या वेळीं गोरेगांवच्या सेमिनरींतील विद्यार्थी होतों. सुटींत घरीं आल्यावर आम्हीहि मोर्च्यांत चाललों, घोषणा दिल्या, आणि पाण्याचें व झाडांचें महत्त्व इतरांस समजावून सांगितलें.

१९९६ सालीं आमच्या बावखलाच्या जमिनीस गिऱ्हाईक आलें. पांच घरांच्या आतां सतरा वारसदारांच्या सह्या हव्या होत्या. आमचे वडील वारले होते, म्हणून त्यांत एक सही आमची होती. आमच्या दीक्षेस वर्षहि झालें नव्हतें. आम्हीं कांहीं चुलत्यांच्या लोभाची गोष्ट सांगत नाहीं. एका घरीं दुखणें होतें, दुसऱ्या घरीं मुलींचीं लग्नें होतीं, गाळ काढणें कित्येक वर्षें बंद पडल्यानें पाण्यास दुर्गंधी सुटली होती आणि डांसांचा उपद्रव होता. प्रत्येकाचें कारण खरें होतें. तरी एका सहीनें काम अडलें असतें आणि एखादा दुसरा मार्ग शोधावा लागला असता, हेंहि तितकेंच खरें. घरांत वाईटपणा नको, आपण धर्मगुरू आहों, आपण इस्टेटीच्या भानगडींत पडूं नये, असा विचार करून आम्हीं सही केली. आमच्या वांट्याची रक्कम आम्हीं आईच्या हातीं दिली आणि हात धुतले. हात धुणारा रोमन सुभेदार आम्हांस त्या वेळीं आठवला नाहीं.

जें तळें पूर्वजांनीं फावड्यांनीं खणलें होतें, तें डबर टाकून आठ दिवसांत बुजलें.

पुढें १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, २००९ सालीं महानगरपालिका आली, २०११ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती बारा लाखांवर गेली. नव्या इमारतींतून आलेले बंधुभगिनी आज आपल्या देवळांत आपल्या बांकावर बसतात, गायनवृंदांत गातात. त्यांस कोणी परके म्हणूं नये. त्यांनीं घर घेतलें, बावखल त्यांनीं विकलें नव्हतें. जुलै २०१८ मध्यें मोठी वृष्टि झाली, गाड्या बंद पडल्या आणि वसईंत कित्येक ठिकाणीं अनेक दिवस पाणी तुंबून राहिलें. आमच्या जुन्या घरांत, जेथें पूर्वीं कधीं पाऊल भिजलें नव्हतें, गुडघाभर पाणी शिरलें. एकट्या आमच्या बावखलानें तो पूर अडविला असता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु जेथें जेथें एकेक बुजलें, तेथें तेथें एकेका सहीनें बुजलें. पाणी उपसतांना माळ्यावरची ती पत्र्याची पेटी आम्हीं खालीं काढली आणि कागद वाळत घातले. निरक्षर आजोबांच्या आंगठ्यांनीं किती घरें उभीं केलीं, आणि लॅटिन शिकलेल्या नातवाच्या एका सहीनें काय केलें, हा जमाखर्च त्या दिवशीं आमच्यापुढें ओट्यावर मांडलेला होता.

वाचकांस विनंति

जामीन राहणें म्हणजे काय? दुसऱ्याच्या उद्यांसाठीं आज आपण बांधून घेणें. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत प्रभु येशूस अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलें आहे. आमचे आजोबा शेजाऱ्यांस जामीन राहिले, आणि गाळ काढून, नकळत, पुढच्या पिढीसहि जामीन राहिले. त्यांच्या चुकलेल्या वाक्याचा अर्थ आम्हांस आतां उमगतो. जे जन्मून मोठे झाले त्यांच्याच हातीं तें बावखल होतें, आणि त्यांनाच तें आपलें आहे ह्याची आठवण देण्याची गरज होती.

या धर्मग्रामाच्या हद्दींत अजून कांहीं बावखलें शिल्लक आहेत. हीरकमहोत्सवानिमित्त नवी कमान बांधावी, दीपमाळ लावावी, अशा सूचना आल्या आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. आमची सूचना इतकीच कीं, उरलेल्या प्रत्येक बावखलाची नोंद देवळाच्या एका चौथ्या वहींत व्हावी : तें कोठें आहे, कोणत्या घरांचें आहे, कोणत्या सालीं गाळ काढला. आणि येत्या उन्हाळ्यांत, पावसापूर्वीं, निदान एका बावखलाचा गाळ आपण सर्वांनीं मिळून काढावा. जुन्या वाडीवाल्यांनीं यावें आणि नव्या इमारतींतल्यांनींहि यावें. श्रमदानाची यादी देवळाच्या दारांत लावली आहे. तींतलें पहिलें नांव आमचें आहे, आणि ही सही आम्हीं आजोबांस विचारून केली आहे.

ज्या वडीलधाऱ्यांनीं आपल्यासाठीं आंगठा दिला, ज्या आजींनीं त्यासाठीं हातांतलें सोनें दिलें, आणि ज्यांचीं नांवें तीन वह्यांपलीकडे कोठेंहि लिहिलेलीं नाहींत, त्या सर्वांस दयाळू प्रभु अक्षय विश्रांति देवो, आणि त्यांचें न फिटलेलें ऋण ओळखण्याची बुद्धि आम्हांस देवो. आमेन.